वावळ : दफ्तराबाहेर राहिलेला वृक्ष

साग, शिसव आणि चंदन यांचा इतिहास सरकारी दफ्तरांत सापडतो. वड, पिंपळ आणि औदुंबर यांचा पुराणांत व व्रतकथांत सापडतो. परंतु महाराष्ट्राच्या पानझडी रानांत, ओढ्याकाठी आणि गावांच्या शिवेवर पिढ्यान्‌पिढ्या उभा असलेल्या वावळाचा इतिहास शोधू गेले, तर तो सुताराच्या वाकसाखाली, वैद्याच्या काढ्यात आणि गुराख्यांच्या पोरांच्या ओंजळीत विखुरलेला आढळतो. एल्म या नावाने युरोपात विख्यात असलेल्या वृक्षकुलाचा हा आपल्या मुलखातील प्रतिनिधी होय; आणि त्याची ओळख करून घेणे हीच त्याच्या इतिहासात शिरण्याची पहिली पायरी आहे.

साठ-सत्तर फुटांपर्यंत वाढणाऱ्या या वृक्षाची साल करडी व पुटकुळ्यांनी भरलेली असते, आणि वय झाले की तिचे खवले सुटू लागतात. पाने साधी, एकाआड एक, लंबगोल आणि अखंड कडांची. युरोपीय एल्मच्या पानांना असते तशी दंतुर कड त्यांना नसते. पान चुरगळले किंवा कोवळी साल खरवडली की जो उग्र दर्प सुटतो, तो एकदा नाकात बसला म्हणजे वावळाची ओळख विसरणे अशक्य. पौष-माघात निष्पर्ण फांद्यांवर बारीक, हिरवट-तपकिरी फुले येतात, आणि फाल्गुनाच्या सुमारास सारा वृक्ष फिक्या पोपटी रंगाने असा भरून जातो, की दूरच्या पांथस्थाला नवी पालवीच फुटल्याचा भास व्हावा. वस्तुतः ते फळांचे घोस असतात. यांतले एक फळ तळहातावर घेऊन पाहावे : सुमारे एक इंच व्यासाची गोलसर, पातळ चकती, तिच्यावर शिरांचे नाजूक जाळे, माथ्यावर छोटी खाच, आणि मधोमध एकच चपटे बी. वैशाखात हे पंख वाळून गवती रंगाचे होतात व वाऱ्याबरोबर दूरवर जातात.

आयुर्वेदाने या वृक्षाची दखल फार पूर्वी घेतली. चरकसंहितेतील भेदनीय गणात येणारा चिरबिल्व तो हाच, असे वैद्यांमध्ये सामान्यतः मानले जाते, आणि केरळीय परंपरेत त्याच्याच नावाचा काढा मूळव्याध व भगंदर यांवर आजही दिला जातो. मात्र पूतिकरंज, करंज आणि लताकरंज या नावांची ग्रंथांत व बाजारात इतकी सरमिसळ झाली, की वृक्ष डोळ्यांनी पाहिल्यावाचून निर्णय करणे धोक्याचे ठरावे. करंजाचे पान संयुक्त व फळ कठीण शेंगेचे, तर लताकरंज म्हणजे सागरगोटा ही काटेरी वेल, एवढा भेद ध्यानात ठेवला तरी पुष्कळसा घोटाळा टळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींचे वर्णन करताना विल्यम रॉक्सबर्ग याने वावळाला एल्मच्याच प्रजातीत बसविले. १८४८ मध्ये प्लांशाँ या फ्रेंच पंडिताने त्याची होलोप्टेलिया ही स्वतंत्र प्रजाती मानली. आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात तो यथास्थित नोंदला गेला.

रयतेला मात्र या नोंदींची प्रतीक्षा नव्हती. वावळाचे लाकूड पिवळसर-करडे, मध्यम कठीण व बळकट. ओलीत ते फार टिकत नाही आणि किडीला लवकर बळी पडते, हा दोष ठाऊक असूनही बैलगाडीच्या कामाला, शेतीच्या अवजारांना, साध्या घरबांधणीला आणि कोळशाला ते सर्रास लागे, कारण ते जवळ होते आणि परवडत होते. सालीचा रस संधिवाताच्या सुजेवर चोळीत, पानांचा लेप गजकर्णावर लावीत. आणि पंख चोळून काढलेले बी चारोळीच्या चवीने खाणारी मुले गावोगाव असत.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचा विचार करताना सागासारख्या थोर लाकडाची तरतूद सांगितली आणि रयतेने मायेने वाढविलेल्या आंबा-फणसांना जबरीने हात लावू नये अशी ताकीद दिली. पुढे इंग्रजी अमलात १८७८ चा जंगल कायदा व १८७९ चा जमीन महसुलाचा कायदा आला, आणि साग, शिसव, चंदन यांवरील सरकारी हक्काची भाषा खातेदाराच्या बांधापर्यंत पोहोचली. या मौल्यवान वृक्षांच्या पंक्तीत वावळ बसला नाही. त्यामुळे तो रयतेच्या हाती मोकळा राहिला खरा, पण धर्माचे अथवा कायद्याचे खास छत्रही त्याला लाभले नाही; त्याचे रक्षण केले ते केवळ त्याच्या उपयोगाने, कारण उद्या लागणारे झाड शहाणा शेतकरी आज मुळासकट तोडीत नाही.

आता गाडीचे चाक लोखंडी झाले, लेपाची जागा मलमाच्या नळीने घेतली, आणि उपयोगाचे ते कवच गळून पडले. म्हणूनच ज्ञानाने त्याची जागा घ्यावयास हवी. ज्या झाडाचे नाव कोणाला सांगता येत नाही, ते रस्तारुंदीत सर्वांच्या आधी जाते. नाव घेणारा एक जरी माणूस गावात असला, तरी हरकत घेण्यास तोंड फुटते. शाळामास्तरांनी फाल्गुनात मुलांना वावळाखाली न्यावे, वैशाखात बी गोळा करवावे, आणि ते फार काळ उगवणक्षम राहत नसल्यामुळे त्याच मृगात शिवेवर पेरवावे. जे काम शतकानुशतके वारा करीत आला, त्याला आता माणसाने हातभार लावणे हे आपले कर्तव्य आहे.