वर चढायचं, खाली झोपायचं

"सर, आज आप नीचे सोयेंगे."

गेल्या ऑगस्टमध्ये कांग यात्से-२ च्या बेस कॅम्पवर आमच्या लडाखी गाईडने हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला आधी ते नीट कळलंच नाही. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ६८ दाखवत होता. सकाळपासून डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली होती, आणि तरी मी त्याच्याशी वाद घालत होतो. समोर ६२५० मीटरचं शिखर दिसतंय, उद्या रात्री निघायचंय, चार महिने दर रविवारी सिंहगड केलाय... आणि हा म्हणतो खाली जा!

त्याने वाद घातलाच नाही. एका हेल्पर पोराच्या पाठीवर माझी सॅक दिली आणि आम्हा दोघांना हांकर गावाकडे पिटाळलं. साधारण हजार मीटर खाली. रात्री मी दोन वाट्या थुक्पा प्यायलो आणि मेल्यासारखा झोपलो. सकाळी डोकेदुखी गायब! माझे तीन मित्र शिखरावर जाऊन आले. मी नाही.

चूक कुणाची ते उघड होतं. मूळ वेळापत्रक दहा दिवसांचं होतं आणि आमच्याकडे रजा आठ दिवसांची. घासाघीस करून मधले दोन विश्रांतीचे दिवस आम्हीच उडवले होते. 'नऊ बायका मिळून एका महिन्यात मूल होत नाही' हे दर रिलीजला मॅनेजरला ऐकवणारे आम्ही, आणि स्वतःच्या शरीराला मात्र दिली डेडलाईन.

परत आल्यावर हे प्रकरण डोक्यातून जाईना. विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो, हे आज कुठलाही गाईड सांगतो. पण हे माणसाला कळलं कधी? कुणी शोधून काढलं? मग काय, तीन-चार वीकेंड वाचत सुटलो. त्यातून हाती लागलेली ही गोष्ट.

त्रास जुनाच आहे. मध्य आशियाच्या वाटेवरच्या 'मोठ्या डोकेदुखीच्या' आणि 'छोट्या डोकेदुखीच्या' डोंगरांचा उल्लेख हान काळातल्या चिनी इतिहासात येतो. सोळाव्या शतकात बाबराचा मावसभाऊ मिर्झा हैदर दुघलत लडाख-तिबेटच्या मोहिमेवर गेला. त्याने 'तारीख-इ-रशिदी'मध्ये या आजाराचं नाव दिलंय 'दमगिरी'. काय चपखल शब्द आहे! पाठीवर ओझं घेऊन चढावर पळत गेल्यासारखा दम लागतो, झोप येत नाही, हातपाय सुजतात, माणसं मरतात, असं त्याने लिहून ठेवलंय. आणि एक फार महत्त्वाची गोष्टही नोंदवली आहे: हा त्रास फक्त परक्यांना होतो, तिथल्या लोकांना होत नाही. १५९० मध्ये होसे दे अकोस्ता या स्पॅनिश पाद्र्याचं पुस्तक आलं. अँडीज पर्वत ओलांडताना आपल्याला जे झालं त्याचं कारण तिथली पातळ हवा असावी, असा त्याचा अंदाज होता.

खरं उत्तर मिळालं एकोणिसाव्या शतकात. पॉल बेअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने हवेचा दाब कमी-जास्त करता येईल अशा पोलादी खोल्या बनवल्या. त्यात प्राणी ठेवले, पक्षी ठेवले, स्वतःही बसला. निष्कर्ष साधा होता. उंचीवर हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदलत नाही, ते २१ टक्केच राहतं. कमी होतो तो दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन. ५५०० मीटरवर समुत्रसपाटीच्या निम्मा. एव्हरेस्टच्या माथ्यावर साधारण एक तृतीयांश.

त्याच सुमारास, १५ एप्रिल १८७५ रोजी, 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तिघे फ्रेंच आठ हजार मीटरच्या वर गेले. सोबत ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या. पण तिघेही हळूहळू असे गुंगले की वेळेवर नळी तोंडाला लावणंही जमलं नाही. बलून खाली आलं तेव्हा क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल मेलेले होते. वाचला एकटा तिसांदिए.

आता इथे खरा पेच सुरू होतो. बलूनमध्ये आरामात बसलेली माणसं जर आठ हजार मीटरवर मरतात, तर ओझं घेऊन बर्फात चढणाऱ्या माणसाने ८८४८ मीटरचा एव्हरेस्ट कसा चढावा? बऱ्याच जाणकारांचं मत होतं, अशक्य.

या प्रश्नाला ज्याने आकडेमोडीने हात घातला तो माणूस माझा एकदम लाडका झालाय. अलेक्झांडर केलास. स्कॉटिश, लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलच्या मेडिकल स्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवणारा मास्तर. सुट्टी मिळाली की हा गाठायचा सिक्कीम. बरोबर गोरे साथीदार जवळजवळ नसायचेच, असायचे शेर्पा आणि तिथले स्थानिक लोक. १९१० मध्ये चोमियोमो, १९११ मध्ये ७१२८ मीटरचं पाउहुनरी. शेर्पांची डोंगरातली ताकद ओळखणाऱ्या पहिल्या युरोपियनांपैकी हा एक.

केलासचं म्हणणं असं की बलूनमधला माणूस आणि डोंगरावरचा माणूस एकच नाहीत. बलूनवाला काही तासांत वर जातो. गिर्यारोहक आठवडे घालवत जातो, आणि त्या आठवड्यांत त्याचं शरीर बदलतं. १९२० मध्ये त्याने एव्हरेस्टवर चढणं शक्य आहे का यावर एक निबंध लिहिला. माथ्यावर हवेचा दाब किती असेल, रक्तात किती ऑक्सिजन उरेल, माणूस तासाला किती चढू शकेल, सगळं मांडलं. उत्तर: शेवटच्या टप्प्यात वेग तासाला जेमतेम शंभर मीटर, पण उत्तम तब्येतीचा आणि तयारीचा माणूस, वाट फार अवघड नसेल तर, ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवायही वर पोचू शकेल.

हा निबंध त्याच्या हयातीत इंग्रजीत धड छापलाही गेला नाही. पुढच्याच वर्षी, १९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेत केलास निघाला. पण त्याआधीच्या मोहिमांनी तो थकलेला, त्यात वाटेत हगवण लागली. ५ जूनला तिबेटमधल्या काम्पा झोंगजवळ तो गेला. एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंतही पोचला नाही. त्याने चढलेली सिक्कीमची शिखरं जिथून दिसतात, तिथेच त्याला पुरलं.

त्या काळच्या मोहिमांना एक फायदा न मागता मिळायचा. विमान नव्हतं, रस्ता नव्हता. दार्जिलिंगहून तिबेटच्या पठारावरून एव्हरेस्टपर्यंत जायला महिन्याहून जास्त वेळ लागायचा. म्हणजे ॲक्लमटायझेशन त्या वाटचालीतच व्हायचं! त्या जोरावर १९२४ मध्ये एडवर्ड नॉर्टन ऑक्सिजनशिवाय ८५७३ मीटरपर्यंत गेला. केलासचा हिशोब चुकीचा नव्हता.

पण हे पद्धतशीरपणे वेळापत्रकात बसवलं ग्रिफिथ प्यू या ब्रिटिश डॉक्टरने. १९५२ च्या चो ओयू मोहिमेत त्याने आपल्याच साथीदारांवर प्रयोग केले. किती पाणी पितात, किती खातात, किती धापा टाकतात, सगळं मोजलं. त्यावरून १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेला त्याचा सल्ला साधा होता. आधी तीनेक आठवडे थ्यांगबोचेच्या परिसरात लहान शिखरं चढा-उतरा, मगच मोठ्या डोंगराला हात घाला. दिवसाला निदान तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. २९ मे १९५३ ला काय झालं ते आपण शाळेत शिकलोय. प्यूचं नाव मात्र धड्यात नव्हतं.

या आठवड्यांत शरीरात नेमकं होतं काय? पहिल्या काही तासांतच श्वास वाढतो. जास्त श्वास म्हणजे कार्बन डायऑक्साईड जास्त बाहेर, म्हणजे रक्त अल्कधर्मी. मग मेंदू म्हणतो, पुरे आता, श्वास कमी कर. (रात्री तंबूत श्वास मध्येच थांबून दचकून जाग येते ती यामुळेच.) हा ब्रेक सोडवायचं काम मूत्रपिंडं करतात. ती बायकार्बोनेट बाहेर टाकतात, आणि त्याला काही दिवस लागतात. उंचीवर सारखं लघवीला जावं लागतं ते चांगलं लक्षण आहे, ही गाईडची थट्टा नव्हती तर! तांबड्या पेशी पुरेशा वाढायला तर कित्येक आठवडे. म्हणजे प्रत्येक पायरीला आपापला वेळ लागतो, आणि सिंहगड कितीही वेळा केला तरी त्यातली एकही पायरी वगळता येत नाही. फिटनेस वेगळा, ॲक्लमटायझेशन वेगळं. म्हणून ३००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज फार तर ५०० मीटरने वाढवायची आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. दिवसा वर चढून यायचं, झोपायला खाली. आम्ही उडवलेले दोन दिवस ते हेच.

मग अजून जास्त दिवस राहिलं तर अजून फायदा? हेही तपासून झालंय. १९६०-६१ च्या हिवाळ्यात प्यू आणि हिलरी यांच्या मोहिमेने अमा दब्लामजवळ ५८०० मीटरवर एक चंदेरी लाकडी झोपडी उभारली आणि शास्त्रज्ञ त्यात महिनोन्‌महिने राहिले. काम करू शकले, पण वजन घटतच गेलं. इतक्या उंचीवर शरीर सवयही करून घेतं आणि झिजतही जातं. म्हणजे वेळ कमी पडला तरी पंचाईत, जास्त झाला तरी पंचाईत.

या इतिहासाचा एक भाग आपल्या अगदी जवळचा आहे. १९६० मध्ये चार्ल्स हूस्टन या अमेरिकन डॉक्टर-गिर्यारोहकाने दाखवून दिलं की उंचीवर ज्याला न्यूमोनिया म्हटलं जायचं, तो बऱ्याचदा न्यूमोनिया नसून फुप्फुसात पाणी भरणं असतं. दोनच वर्षांनी १९६२ चं युद्ध झालं. मैदानी प्रदेशातले आपले हजारो जवान थेट हिमालयात नेले गेले. सवय करून घ्यायला वेळ कोण देणार? इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी अशा आजारी पडलेल्या १९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. डोंगरातल्या या आजारावरचा तो आजही महत्त्वाचा निबंध मानला जातो. मी आकडा वाचला आणि थांबलो. मी हौसेने दोन दिवस वाचवले होते. त्या १९२५ जणांना कुणी विचारलंही नव्हतं.

केलासच्या निबंधाची परीक्षा झाली ८ मे १९७८ ला. राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्टवर पोचले. १९८१ मध्ये ख्रिस पिझो या अमेरिकन डॉक्टरने माथ्यावर दाब मोजला: २५३ मिलीमीटर. नेहमीच्या तक्त्यांपेक्षा जास्त आणि केलासच्या अंदाजाच्या अगदी जवळ. काम्पा झोंगच्या त्या थडग्यापर्यंत कुणीतरी ही बातमी पोचवायला हवी होती.

त्यानंतर आल्या पैसे भरून जायच्या मोहिमा. नेपाळच्या बाजूने ठरलेली पद्धत म्हणजे बेस कॅम्प, कॅम्प एक, कॅम्प दोन, परत बेस कॅम्प. मग पुन्हा वर, कॅम्प तीनला शिवून परत. पण या प्रत्येक फेरीत खुंबूची हिमनदी जिथे कोसळते तो बर्फाचा चक्रव्यूह पार करावा लागतो. आणि आपण एकदा जातो तेव्हा आपले तंबू, गॅस, दोर, जेवण घेऊन शेर्पा कितीतरी वेळा जाऊन आलेले असतात. १८ एप्रिल २०१४ ला तिथे हिमकडा कोसळला आणि सोळा नेपाळी माणसं गेली. वर सामान पोचवण्याच्याच कामावर होती. आता पुष्कळ मोहिमा पहिली फेरी शेजारच्या लोबुचे ईस्ट या ६११९ मीटरच्या शिखरावर करतात, म्हणजे त्या चक्रव्यूहातल्या फेऱ्या कमी होतात. मे २०२५ मध्ये तर चार ब्रिटिश गिर्यारोहक लंडनहून निघून पाचव्या दिवशी एव्हरेस्टवर होते. आधी कित्येक आठवडे घरी कमी ऑक्सिजनच्या तंबूत झोपून, शिवाय झेनॉन वायू हुंगून, आणि वर चढताना नळकांड्यातला ऑक्सिजन वापरून. झेनॉनचा उपयोग होतो याला पुरावा नाही, असं गिर्यारोहकांच्या जागतिक संघटनेच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मला त्यातलं लक्षात राहिलं ते वेगळंच. पाच दिवसांच्या बातमीतसुद्धा ते घरातल्या तंबूतले आठवडे होतेच. वेळ वाचला नव्हता, फक्त घरी नेला होता.

आणि जो वेळ आपण खरोखरच वाचवतो, तो कुणाच्या तरी खात्यावर जातोच. मला खाली घेऊन आलेला तो हेल्पर पोरगा दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता उठला, चहा करून माझ्या उशाशी ठेवला, आणि तेच हजार मीटर पुन्हा चढून गेला. वर बाकीच्यांचं सामान आवरायचं होतं. मी त्याला सॉरी म्हटलं, तर तो नुसता हसला.

पुढच्या वर्षी परत जायचंय. रजेचा अर्ज आत्ताच टाकलाय. बारा दिवसांचा :)