पाच टक्क्यांची हमी

१७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि नुकतीच स्थापन झालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी ह्यांच्यात एक करार झाला. मुंबईहून निघणाऱ्या प्रायोगिक लोहमार्गासाठी ५ लाख पौंडांचे भांडवल उभारावयाचे होते. जमीन सरकारने ९९ वर्षांसाठी फुकट द्यावयाची, आणि भांडवलावर दरसाल ५ टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या महसुलातून द्यावयाची, असे ठरले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेल्या पहिल्या आगगाडीचे वर्णन आपण सर्वांनी शाळेत वाचलेले आहे. तिच्यामागचा हा कागद मात्र शाळेच्या पुस्तकात येत नाही. आज आम्ही त्या कागदाकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहणार आहोत.

हिशेबशास्त्रात दोन प्रकारची देणी कटाक्षाने वेगळी ठेवतात. मागे घडलेल्या एखाद्या गोष्टीमुळे देणे आजच अंगावर आलेले आहे, पैसा बाहेर जाण्याचा संभव न जाण्याच्या संभवापेक्षा अधिक आहे, रकमेचा बऱ्यापैकी अंदाजही बांधता येतो. नक्की नाही ती एवढी तारीख किंवा नेमका आकडा. अशा देण्यासाठी करावयाची ती तरतूद. ती वहीत चढते आणि त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होते. उलट, पुढे अमुक एक घडले तरच जे द्यावे लागेल, किंवा देणे असले तरी पैसा जाण्याचा संभव कमी आहे अथवा ज्याची रक्कमच ठरविता येत नाही, ते संभाव्य देणे. ते ताळेबंदाच्या आकड्यांत शिरत नाही. खाली टिपेत त्याचा उल्लेख होतो, आणि शक्यता अगदीच दूरची असेल तर तेवढाही होत नाही.

उदाहरण घरगुती घेऊ. पंख्यांचा कारखानदार वर्षभराची हमी देऊन हजार पंखे विकतो. त्यांतले वीस-पंचवीस दुरुस्तीला परत येणार, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. तो खर्च तरतुदीचा. त्याच गृहस्थाने मेहुण्याच्या कर्जास जामीनकी दिली आणि मेहुणा हप्ते वेळच्या वेळी भरीत आहे, तर ते झाले संभाव्य देणे. मेहुण्याचे दुकान बसले की तेच देणे टिपेतून उठून वहीत येते. सही तीच, कागदही तोच. पालटली ती परिस्थिती. म्हणून प्रत्येक ताळेबंदाच्या वेळी ते नव्याने तपासावे, असा नियम आहे. आपल्याकडे २००४ सालापासून लेखामानक २९ ह्या नावाने हे नियम लागू झाले. १८४९ साली असे लिहिलेले काही नव्हते. पण जामीन राहणे म्हणजे काय, हे पुण्यामुंबईच्या सावकारास कोणी शिकवावयास नको होते.

आता रेल्वेची हमी ह्या दोहोंपैकी कोणती? वरवर पाहता ती जामीनकीच. रेल्वेचे उत्पन्न ५ टक्क्यांवर गेले तर सरकारला काही द्यावे लागणार नव्हते, उलट वरच्या नफ्यातून आधी दिलेले व्याज वसूल करण्याची सोय होती. लंडनचा पैसा हमीवाचून इकडे आला नसता, हे हमीच्या बाजूचे म्हणणेही आम्ही खोटे म्हणत नाही. परंतु व्याज सुरू होई ते पैसा भरल्या दिवसापासून, गाडी सुरू झाल्यापासून नव्हे! भोर घाटात १८५६ पासून १८६३ पर्यंत सुरुंग लागत होते, २५ बोगदे खणले जात होते. त्या काळात घाटाच्या त्या मार्गावर उत्पन्न शून्य, हे कोणासही सांगता आले असते. मग तेवढे व्याज ‘संभाव्य’ कसे? पुढे १८६७ साली घाटातला एक मोठा पूल कोसळला. पूल पडला म्हणून त्यात घातलेल्या भांडवलावरचे व्याज काही थांबले नाही.

हमी अशी असली म्हणजे काटकसरीची निकड कोणास राहणार? लोहमार्गाचा खर्च मैलास ८ हजार पौंडांच्या आसपास धरला होता, तो दुपटीच्याही वर गेला. हिंदुस्थान सरकारचे एके काळचे अर्थमंत्री मॅसी ह्यांनी १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे स्पष्टच सांगितले की, व्याज पक्के असल्यावर आपला पैसा हुगळीत फेकला गेला काय किंवा विटाचुन्यात गेला काय, इंग्रज भांडवलवाल्यास त्याचे सुखदुःख नव्हते. सरकारचा जमाखर्च रोखीचा असल्यामुळे दरसालची रक्कम गेली की त्या सालच्या खर्चात पडे. उरलेल्या मुदतीचे ओझे मांडण्यास त्या जमाखर्चात जागाच नव्हती.

त्यात विनिमयाचे कलम होते. रुपयास १ शिलिंग १० पेन्स हा भाव कराराने बांधलेला. चांदी घसरत गेली आणि १८९४ च्या सुमारास रुपया १४ पेन्सांच्या खाली-वर आला. मधला तोटा खजिन्याचा. महाराष्ट्रास ह्याची पुनरावृत्ती पाहावी लागली ती दाभोळच्या वीजप्रकल्पात. १९९३ सालच्या वीजखरेदी कराराने दर डॉलरशी जोडला, त्याला राज्याची हमी आणि वर केंद्राची प्रतिहमी मिळाली. रुपया घसरला, वीज मंडळाची बिले थकली आणि २००१ साली ती प्रतिहमी मागण्यापर्यंत गोष्ट आली. टिपेतले देणे दाराशी येऊन उभे राहिले. पुढे केंद्राने कायद्याने स्वतःस मर्यादा घालून घेतली: एका वर्षात नव्या हमी राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापलीकडे द्यावयाच्या नाहीत.

१८४९ च्या हमीस अशी मर्यादा नव्हती. एकोणिसावे शतक संपेपर्यंत रेल्वेपायी हिंदुस्थानच्या खजिन्यास सुमारे ४ कोटी पौंडांची खोट आली, असा हिशेब रमेशचंद्र दत्तांनी मांडला. ती रक्कम ज्यांच्याकडून आली, त्यांतले बहुतेक शेतसारा व मिठावरील कर भरणारे होते, आणि त्यांस जामीन राहता का, असे कोणी विचारले नव्हते. १९०० साली सरकारने जी. आय. पी. रेल्वे विकत घेतली. किंमत एकरकमी न देता भागधारकांस वार्षिकी लावून दिली. मूळ कराराला ९९ वर्षे जेव्हा भरतात, त्या १७ ऑगस्ट १९४८ ह्या दिवसापर्यंत तिची मुदत ठेवली होती. ह्या वेळी मात्र रक्कमही ठरलेली होती आणि तारीखही.