साक्ष देताना जखम पुन्हा उघडू नये म्हणून

कोर्टात अत्याचाराबद्दल सांगताना पीडितेचे हातपाय थरथरतात, शब्द फुटत नाहीत. ही भीतीची शारीरिक प्रतिक्रिया आहे, खोटेपणाची खूण नव्हे. कायद्याला हे फार उशिरा उमगलं. १८७२च्या पुरावा कायद्याने बलात्काराच्या खटल्यात तिच्याच ‘चारित्र्या’वर बोट ठेवायची मुभा आरोपीला दिली होती, ती तब्बल १३० वर्षं टिकली! बंद दालनातली सुनावणी १९८३ साली आली. २००४मध्ये ‘साक्षी’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: आरोपी दिसू नये म्हणून पडदा लावा, उलटतपासणीतले घटनेबद्दलचे प्रश्न लेखी घ्या, न्यायाधीशांनीच ते सभ्य भाषेत विचारावेत, मधे विश्रांती द्या. मुलांसाठी २०१२च्या पॉक्सो कायद्यात अशाच तरतुदी आहेत. समन्स आलं असेल, तर पडद्याबद्दल सरकारी वकिलांशी आधीच बोलून ठेवा.