वाटेचा तंटा

कळमेश्वरच्या तहसिलीत शेतवाटेचा तंटा गेला, तर वाट ज्याच्या शेतातून जाते तोही बोलतो. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाची रीत निराळी. तेथे पक्षकार फक्त राष्ट्रेच. 1954 साली दादरा-नगरहवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली. 1955 च्या डिसेंबरात पोर्तुगाल राष्ट्रसंघाचा सभासद झाला आणि अवघ्या आठ दिवसांत हेगला गेला: दमणहून तिकडे जाण्याची वाट द्या! न्यायाधीशांनी पेशव्यांचा 1779 चा तह तपासला. मराठ्यांनी दिला तो महसूल, सार्वभौमत्व नव्हे, असे ठरविले. पावणेदोनशे वर्षांचा कागद बोलला, सिल्वासाचा वारली नाही! 1960 च्या निकालाने माणसांना, मालाला वाट मान्य केली, फौजेला नाही. भारतही दोषी ठरला नाही. तिकडे पंचायत कारभार करीतच होती, ती 1961 च्या विलीनीकरणापर्यंत.