आकडा आणि नाव

दख्खनच्या अनेक जुन्या गावांत चावडीच्या भिंतीवर किंवा वेशीजवळ एक संगमरवरी पाटी बसवलेली आढळते. १९१४ ते १९१९ या काळातील महायुद्धावर या गावातून इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर कोरलेला असतो. गावाचा उल्लेख असतो, दोन आकडे असतात; माणसांची नावे बहुधा नसतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. त्या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द जोडला गेला आणि आजही ते अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखले जाते. गावाला मान मिळाला हे खरेच. परंतु ते ४६ जण कोण होते, त्यांच्या पश्चात कोणाचे संसार कसे चालले, हे पाटी सांगत नाही. आणि जे परत आले, त्यांच्याविषयी तर ती अवाक्षरही काढीत नाही.

हा विचार मनात ठेवून आपण आपल्याच पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाकडे पाहू. बारामतीजवळ, काटेवाडीच्या शेजारी कन्हेरी नावाचे गाव आहे. निवडणुकीच्या दिवसांत तेथील मारुतीपुढे प्रचाराचा नारळ फुटतो, म्हणून वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ते ठाऊक असते. कन्हेरी काय, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील इतर गावे काय, त्यांचा इतिहास सांगताना आपण साखर कारखाने, कालवे आणि राजकारण यांच्याविषयी भरभरून बोलतो. या मातीचे फौजेशी असलेले नाते मात्र त्याहून जुने आहे. भीमेच्या काठचा हा मुलूख म्हणजे भीमथडी. मराठ्यांच्या घोडदळात भीमथडीच्या तट्टांचा लौकिक होता. अंगाने लहान, पण काटक आणि थोड्या चाऱ्यावर दूरची मजल मारणारी ही जनावरे ज्या रानात वाढली, त्याच रानातली माणसे त्यांच्यावर स्वार झाली.

पुढे राज्य गेले, घोडी गेली, पण शिपाईगिरी राहिली. तिच्यामागे पराक्रमाची हौस होती तशी पोटाची निकडही होती. या भागात पाऊस बेभरवशाचा. जिराईत जमीन एका वर्षी पिकते, दोन वर्षे रुसते. १८७५ च्या मे महिन्यात याच परिसरातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरांवर धाव घेतली आणि कर्जखते जाळली. इतिहासात ही घटना 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदली गेली. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. नीरा डावा कालवा त्याच काळात खोदला गेला आणि १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी बारामती-इंदापूरकडे खेळू लागले. कालव्याखालची शेते बागायती झाली. वरच्या अंगाची गावे आभाळाकडे डोळे लावून बसली. अशा घरातील धाकट्या मुलाला पलटणीची भरती म्हणजे रोख पैशाची वाट होती. पहिल्या महायुद्धाच्या वेळी शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. आज हसू यावे असा हा आकडा. पण सावकाराचे व्याज भागवायला आणि पेरणीचे बियाणे घ्यायला घरी येणारी मनीऑर्डर हाच अनेक कुटुंबांचा आधार ठरला.

त्या ११ रुपयांसाठी माणसे किती दूर गेली! पहिल्या महायुद्धात १३ लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले आणि त्यांतील ७४ हजारांहून अधिक परतले नाहीत. आपल्या पुण्याचे नाव धारण करणारी सहावी पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या डिसेंबरात तैग्रिस नदीच्या वळणावरील कुत-अल-अमारा या गावात ही फौज वेढली गेली. अन्न संपत आले तेव्हा घोड्यांचे मांस शिजवण्यात आले. कित्येक हिंदी शिपायांनी ते खाण्याचे बरेच दिवस नाकारले आणि उपासमारीने ते खंगले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजारांच्या फौजेने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत आणि रोगराईत हजारो मेले.

या मृतांचे पुढे काय झाले? ज्यांच्या कबरी किंवा चिता ठाऊक नाहीत अशांसाठी बसरा येथे स्मारक उभारण्यात आले. त्यावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. परंतु भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली, आणि साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक केवळ आकडा लिहिला गेला. गावच्या पाटीवर आकडा, बसऱ्याच्या भिंतीवरही आकडा! कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच अहवाल प्रसिद्ध करून या भेदभावाची कबुली दिली आणि क्षमा मागितली. प्रामुख्याने पूर्व आफ्रिका आणि इजिप्त येथील किमान १ लाख १६ हजार मृतांची नावानिशी नोंद झाली नाही, कदाचित कोणतीच नोंद झाली नाही, असे त्या अहवालात म्हटले आहे. ही संख्या साडेतीन लाखांपर्यंतही असू शकेल, असेही त्यात नमूद आहे. शंभर वर्षांनी का होईना, नाव लिहिले नाही हा अन्याय होता, हे मान्य झाले.

आपल्याकडे तर काहींना नाव लिहिण्याआधी फौजेचे दारच बंद झाले होते. महार समाजाने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यान् पिढ्या चाकरी केली होती. कोरेगाव भीमा येथील स्तंभावर त्यांची नावे आहेत. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरती थांबवण्यात आली. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरकारकडे अर्ज केला. युद्धाची निकड भासली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडण्यातही आली. महार रेजिमेंट कायमची स्थापन होण्यास १९४१ साल उजाडावे लागले. फौजेची नोकरी म्हणजे पगार, शिक्षण आणि गावकीच्या कामातून सुटका. ती एका लेखणीच्या फटकाऱ्याने हिरावली गेली तेव्हा किती घरांचे भवितव्य मागे पडले असेल, याचा हिशोब कोणत्याच पाटीवर मांडलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धाने मराठी शिपायाला इटलीत नेले. इटलीच्या रणभूमीवर ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले आणि तेथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांनी मिळवले. त्यांतील दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे होते. नाईक यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याच्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून सर्वजण ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच त्या ठाण्यावर चालून गेले, ते त्यांनी निकामी केले, आणि तेथेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी कोसळले. तेव्हा त्यांचे वय अवघे २२ होते. दुसरे शिपाई नामदेव जाधव हे तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना, एकामागून एक, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पाठीवर वाहून सुरक्षित जागी आणले. मग माघारी फिरून शत्रूची मशीनगनची ठाणी गप्प केली.

घाडगे ज्या भूमीवर पडले तो मध्य इटलीचा उंब्रिया प्रांत, म्हणजे आसिसीच्या संत फ्रान्सिसचा मुलूख. तेथील मोंतोने या छोट्या गावाने जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. भाषा वेगळी, धर्म वेगळा, देश वेगळा. तरी जवळजवळ ८० वर्षांनंतर त्या गावाला एका मराठी शेतकऱ्याच्या मुलाचे नाव लिहावेसे वाटले. ते पाहिल्यावर आपल्या गावांकडे वळून पाहण्याची लाज वाटावी, असे कितीतरी आपल्याकडे लिहायचे राहून गेले आहे.

घाडगे आणि जाधव यांची नावे निदान पदकांमुळे टिकली. लष्करप्रमुखपद भूषवलेले आपले जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज यांचेही नाव इतिहासात राहील. पण ज्यांना पदक मिळाले नाही आणि ज्यांना मरणही आले नाही, त्यांचे काय? नामदेव जाधव युद्धानंतर जवळजवळ ४० वर्षे जगले. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. सैनिकाच्या आयुष्यातील मोठा भाग युद्धाबाहेरच असतो. पंधरा-वीस वर्षांची नोकरी संपवून तो तरुणपणीच घरी परततो. मग कोणी कारखान्याच्या फाटकावर पहारा करतो, कोणी बँकेत शिपाई होतो, कोणी वाटणीला आलेली दोन एकर जमीन कसतो. गाव त्याला 'मेजर' किंवा 'फौजी' म्हणते आणि त्या हाकेत त्याचे मूळ नावच हळूहळू बुजून जाते. ज्यांनी हात-पाय गमावले त्यांना पुन्हा उभे करण्यासाठी पुण्यात १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. अपंग सैनिकांना हातचे काम शिकवणारी क्वीन मेरीज संस्था त्याहून जुनी, १९१७ ची. ती आज खडकीत आहे. या संस्थांतून बाहेर पडलेल्यांचे पुढचे जगणेही इतिहासच आहे. आणि त्यांच्या घरी, नवरा सीमेवर असताना नांगर, सासू-सासरे आणि लेकरे एकटीने सांभाळणारी बाई? तिला ना क्रमांक, ना पदक.

हा विषय आपल्या धर्मग्रामांना परका नाही. पुण्यातील पहिले कॅथलिक देऊळ, आज आपण ज्याला सिटी चर्च म्हणतो ते, सैनिकांच्याच भक्तीतून उभे राहिले. पेशव्यांच्या फौजेतील गोमंतकीय अधिकारी दों मिगेल द नोरोन्या आणि त्यांच्या सोबत्यांसाठी सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये जागा दिली. पुढे छावणीतील आयरिश शिपायांसाठी सेंट पॅट्रिकचे मंदिर बांधले गेले. ते आज आपल्या धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे. आणखी एक गोष्ट आपल्याकडे आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि विवाह यांची नोंदवही ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. तेव्हापासून धर्मग्रामाच्या वहीत श्रीमंताच्या बाळाचे आणि मजुराच्या बाळाचे नाव एकाच शाईने, एकाच ओळीच्या मापाने लिहिले जाते. बसऱ्याच्या भिंतीला जे जमले नाही, ते या साध्या वहीला जमले आहे.

ही सवय आपण गावाच्या कामी लावू शकतो. कन्हेरीसारख्या गावी ग्रामपंचायतीने किंवा शाळेने, आणि आपल्या धर्मग्रामांत युवक संघाने एक वही घालावी. माजी सैनिकाचे पूर्ण नाव, आई-वडिलांची नावे, पलटण आणि शिपाई क्रमांक, भरतीचे साल, जेथे जेथे नोकरी केली ती ठाणी, परतल्यावर केलेले काम, पत्नीचे नाव आणि तिने सांगितलेली हकिकत, इतके त्यात असावे. घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक असते, एखादा गणवेशातला फोटो असतो. त्यांची नक्कल करून ठेवावी. दिवंगतांविषयी काही अडले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, पलटणींची दप्तरे आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आहे, बॉम्बे सॅपर्सचे खडकीत, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागर येथे. जात, धर्म, हुद्दा यांवरून वहीत उजवे-डावे करू नये. स्वयंपाकी, खेचरवाला, धोबी म्हणून फौजेबरोबर गेलेल्यांनाही तीत स्थान असावे.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. १९६२ च्या युद्धात ज्याने विशीत बंदूक धरली, तो आज ऐंशी उलटून गेला आहे. १९७१ ला ऐन विशीत असलेला जवान आता सत्तरी पार करून गेला आहे. दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो, आपण निधीच्या डब्यात नाणे टाकतो, आणि ते योग्यच आहे. त्याआधी महिनाभर, २ नोव्हेंबरला, आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावून आपल्या मृतांची नावे घेतो. या दोन दिवसांच्या मधल्या पाच आठवड्यांत आपल्यातील एखाद्या तरुणाने वही-पेन घेऊन शेजारच्या वृद्ध हवालदाराच्या ओसरीवर जाऊन बसावे आणि पहिला प्रश्न विचारावा, "बाबा, तुमचे पूर्ण नाव काय?"