जाकीट, बंडी की नेहरू जॅकेट? बाह्या नसलेल्या कपड्याची गोष्ट

दिवाळीत भल्या सकाळी डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा ठाण्याच्या राम मारुती रोडवर गेलात, तर रील काढणाऱ्या मुलांच्या अंगात एक गोष्ट हमखास दिसते. कुर्ता आणि त्यावर बिनबाह्यांचं जाकीट. पाडव्याच्या शोभायात्रेतही तेच. (ही यात्रा डोंबिवलीत १९९९ मध्ये सुरू झाली.) पण हे जाकीट नेमकं कुणाचं?

सुटातल्या वेस्टकोटची जन्मकथा बऱ्यापैकी पक्की आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने ऑक्टोबर १६६६ मध्ये दरबारी पोशाखात ‘व्हेस्ट’ आणला. सॅम्युअल पेपिस यांच्या रोजनिशीत तशी नोंद आहे. तेव्हा तो चांगला लांब होता आणि लोक त्याला पर्शियन धाटणीचा म्हणत. म्हणजे ज्याला आपण पक्का साहेबी समजतो, त्याचं मूळ पूर्वेकडे सापडतं!

आपल्याकडची बंडी मात्र कष्टकऱ्यांची. सुती, सैलसर, खिसेवाली. आतला चोरखिसा ही तिची खरी कमाल. बाजारातून परतताना पैसे छातीशी राहायचे. सकाळच्या कल्याण लोकलमध्ये उभं राहिलेल्या कुणालाही त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

खरेदीआधी एक फरक बघून घ्या. सुटाच्या वेस्टकोटला पुढे व्ही गळा असतो आणि पाठ पातळ अस्तराच्या कापडाची असते, कारण ती कोटाखाली झाकली जाणार असते. मागे घट्ट करायला पट्टी आणि बक्कल. नेहरू जॅकेटला उभी कॉलर असते आणि पाठही त्याच कापडाची. कुर्त्यावर सुटाचा वेस्टकोट चढवला की पाठमोऱ्या फोटोत अस्तर चमकतं ते यामुळेच.

नावावरून वादही झालाय. ऑक्टोबर २०१८ मध्ये दक्षिण कोरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी भारताच्या पंतप्रधानांनी पाठवलेल्या जाकिटांचे फोटो ट्विट केले आणि त्यांना ‘मोदी व्हेस्ट’ म्हटलं. हे तर नेहरू जॅकेट, असं म्हणत ओमर अब्दुल्लांसह अनेकांनी हरकत घेतली. शिंप्याच्या लेखी दोन्हींचा कट जवळपास सारखाच!

गोष्टींमध्ये तर हा कपडा अर्धं काम करून टाकतो. ‘ॲलिस इन वंडरलँड’मध्ये (१८६५) ससा बोलतो याचं ॲलिसला फारसं नवल वाटत नाही. तो वेस्टकोटच्या खिशातून घड्याळ काढतो तेव्हा मात्र ती ताडकन उठते. प्राण यांचे चाचा चौधरी लाल पगडीइतकेच जाकिटानेही ओळखू येतात. मराठी सिनेमात पांढऱ्या कपड्यांवर जाकीट दिसलं, की नेता आला हे सांगावं लागत नाही.

ठाणे स्टेशनजवळच्या चेंदणी कोळीवाड्याची ओळखही याच कपड्याशी जोडलेली आहे. कमरेला रुमाल, अंगात जाकीट, डोक्यावर टोपी हा कोळी पुरुषांचा वेश. स्नेहसंमेलनासाठी भाड्याने मिळणारा ‘कोळी ड्रेस’ त्याचीच चकचकीत, जरी लावलेली नक्कल. समुद्रावर जाणाऱ्या माणसाला जाकीट सोयीचं का, याचं उत्तर त्या जरीत सापडणार नाही. जाळं ओढताना हात मोकळे लागतात. ओली बाही दंडाला चिकटली की काम अडतं.