नसीमादीदींची चाकाची खुर्ची

चाकणच्या कंपनी बसमध्ये ऐकताय ना? आज हायवेने खाली कोल्हापूरला जाऊ, नसीमा हुरजूक यांच्याकडे.

जन्म 1950 चा, सोलापूरचा. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मग बाबूकाका दिवाण भेटले, तेही व्हीलचेअरवर. आपल्यासारखाच माणूस कामाला लागलेला दिसणं हे शंभर सल्ल्यांपेक्षा भारी, असं मला वाटतं. पुढे कस्टम्स-एक्साइज खात्यात नोकरी. म्हणजे आपल्या भाषेत सेटल!

तरी 1984 मध्ये त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड' उभी केली. वसतिगृह, शाळा, वर्कशॉप, नंतर सिंधुदुर्गात काजू प्रक्रिया. पुरस्कार मिळाले, पण घराघरात त्या पोचल्या 'चाकाची खुर्ची' या आत्मचरित्रामुळे.

मी इंजिनिअर, मला तारखा दिसतात. समान संधीचा कायदा 1995 चा, म्हणजे दीदींनंतर 11 वर्षांनी. त्यात सरकारी नोकऱ्यांत 3 टक्के जागा होत्या, 2016 च्या कायद्याने 4 केल्या. आपल्या पट्ट्यातल्या खासगी प्लांटना ही टक्केवारी बंधनकारक नाही. पण समान संधी धोरण आहे, आणि 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यासाठी संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. तुमच्याकडे तो कोण आहे, उद्या एचआरला विचाराच.